लाँड्रीतल्या टीव्हीपुढची बाई

अमेरिकेत, एडिसनमध्ये आमच्या घराजवळ आपले कपडे आपणच मशीनवर धुवायची लाँड्री होती; तिथे दर शनिवारी सकाळी ती दिसायची. पन्नाशीची, घट्ट अंबाडा, मांडीवर टॉवेलांचा ढीग. भिंतीवरच्या टीव्हीवर लहान मुलांचा कार्यक्रम असे. त्यातली बाहुली एकेक शब्द आधी स्पॅनिशमध्ये सांगायची, मग इंग्रजीत. घड्या घालता घालता ही बाई तो इंग्रजी शब्द पुटपुटायची. या वयात कार्टून बघते म्हणून मला हसू यायचं.

एका शनिवारी मॅच होती. तिला न विचारताच मी चॅनल बदललं. ती उठून माझ्याजवळ आली.

"सर, प्लीज. टुडे, बॉडी वर्ड्‌स. मंडे, डॉक्टर. माय मदर, पेन."

मी घाईने चॅनल परत लावलं, पण बाहुली हात हलवून निरोप घेत होती.

"सॉरी," मी म्हणालो.

तिने स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवलं. "धिस?"

"रिब."

मग गुडघा, घोटा, मान. प्रत्येक शब्द तिने दोनदा म्हटला. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "थँक यू, टीचर."

इतके शनिवार मी हिलाच हसत आलो होतो; तिने हात लवकर सोडावा, एवढंच मला वाटत होतं.