शेठ, कप आणि कपाट

परळच्या आमच्या गिरणीतले चार जुने लोक भेटले, की शेठ आणि फुटबॉल टीमचे किस्से निघतातच. एक संपायच्या आत दुसरा म्हणतो, "अरे, तो सांग ना, तो!"

मी दादरचा साधा कारकून. जन्मात बॉलला पाय लावला नाही. म्हणूनच शेठनी मला टीमचा मॅनेजर केलं! "खेळणारा माणूस जोशात येतो," ते म्हणाले, "तू येणार नाहीस."

•

शेठ कंजूष अजिबात नव्हते. खेळण्यासाठी माणसं नोकरीला ठेवलेली, त्यांना बूट, रोज दूध. फक्त धीर नव्हता. नवा कोरा बॉल माझ्या टेबलामागच्या कपाटात असायचा. दसऱ्याला बाहेर काढून त्याला कुंकू लावायचं, परत आत. मॅच जुन्याच बॉलने!

"नवा फुटला तर?" शेठ विचारायचे.

•

दत्तू आमचा सेंटर फॉरवर्ड, राहायला लालबागला. त्याला एकच ध्यास होता. एकदा कप जिंकून आईच्या हातात द्यायचा. गुडघा कुरकुरायला लागला होता, त्यामुळे घाईही होती.

एका सेमीफायनलला हाफटाइमला आम्ही एका गोलने पुढे. शेठची चिठ्ठी आली, "आता पुरे. सगळे मागे या." दत्तूसकट दहाही जण आपल्याच गोलसमोर उभे राहिले. दोन गोल खाल्ले!

शेठ म्हणाले, "हरलो, पण कोणाला लागलं तर नाही ना!"

दत्तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. चिठ्ठी मीच नेऊन दिली होती ना.

•

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एका मॅचला पब्लिक ओरडायला लागलं, "गोल झालाच पाहिजे!" शेठ घामाघूम. मला म्हणाले, "त्यांना सांग, गोलाचा आग्रह नको."

मी कोणाला सांगणार!

•

पुढच्या वर्षी फायनल गाठली. त्याच दिवशी मोर्चा निघणार होता. बाहेर पडणं बरं नव्हे म्हणून शेठ घरीच थांबले. चिठ्ठी नाही, काही नाही! पोरं सुटली. तीन गोल, त्यातले दोन दत्तूचे.

दुसऱ्या दिवशी कप कपाटात गेला. किल्ली शेठच्या खिशात.

माझ्या टेबलापाशी, कपाटासमोर टीमचा फोटो काढायचा होता, त्या दिवशी दत्तूने आईला आणलं. म्हातारी कपासाठी झेंडूचा हार घेऊन आली होती.

"कप खंय रे?"

"आत आसा," दत्तू म्हणाला.

मी शेठकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाहेर काढला आणि हातातून पडला तर?"

म्हातारीने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "ह्या हातातसून माझो दत्तू पडूक नाय, आणि तुमचो कप पडतलो?"

शेठ हसले. किल्ली काही निघाली नाही.

तो फोटो दत्तूच्या खोलीत अजून आहे. अकरा खेळाडू, कडेला शेठ, मधोमध दत्तूची आई, तिच्यामागे बंद कपाट आणि कपाटाच्या मुठीला झेंडूचा हार.