नाक उचललं तेव्हा

वाशिंदला घरी बसून मी कॉम्प्युटरवर उडवायची विमानं बनवतो. विमानाचं वजन कुठं किती बसलंय आणि त्यामुळं ते वळायला किती अडेल, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. त्या हिशोबात पायलट म्हणजे एक आकडा आणि एक जागा, बस्स. शेपूट जड झालं की नाक उचलतं आणि विमान कोसळतं, हे मी रोज पडद्यावर बघतो.

वैशाखरे गावात माझ्या सासरवाडीला भातझोडणी झाली. मेव्हण्यानं ट्रॉलीत गोण्या रचल्या, त्यांवर माझी बायको आणि मुलगी बसल्या. मेव्हणा ट्रॅक्टर चालवत होता, मी त्याच्या शेजारी मडगार्डवर होतो. चढणीवर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली.

"थांब रे!" मी ओरडलो.

"थांबलो तर मागं जाऊ, दाजी. बॉनेटवर बसा, नाक खाली ऱ्हाईल."

इकडं सगळे असंच करतात. शुद्ध मूर्खपणा! पण मागं त्या दोघी होत्या. मी सरपटत बॉनेटवर गेलो.

चाकं टेकली. पुन्हा उचलली; माझं वजन कमी पडत होतं. सकाळी सासूबाई वाढत असलेली दुसरी भाकरी मी वजन वाढतं म्हणून नाकारली होती. ती आठवून मला रडू फुटलं.