आधी बोलायचं कुणी

कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलसाठी सरांनी जोड्या लावल्या तेव्हा माझ्या नावापुढे जिचं नाव आलं, तिच्याशी मी तोवर एक वाक्यही बोलले नव्हते. ती ईट गावाहून एसटीने धाराशिवला यायची. मागच्या बाकावर तिच्याभोवती सतत हसणं चाललेलं असायचं. मी खिडकीपाशी. इंग्रजी शाळेतली म्हणून वर्ग मला शिष्ट समजायचा आणि तो समज मी मोडायला गेले नव्हते. त्याच्याआड निवांत गप्प बसता यायचं.

काम साधं होतं. एका कॉम्प्युटरने एक ते शंभरमधला आकडा मनात धरायचा, दुसऱ्यावर बसलेल्याने तो ओळखायचा. चुकला की पहिल्याने 'अजून मोठा' किंवा 'अजून लहान' एवढं सांगायचं. आकडा धरणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर, तो तिने लिहायचा. ओळखणाऱ्याच्या बाजूचा क्लायंट, तो मी.

"सोमवारी ज्यांचा खेळ दोन मशीनवर चालणार नाही," सर म्हणाले होते, "त्यांनी एकेकट्याने फळ्यापाशी यायचं आणि का चालला नाही ते वर्गाला सांगायचं."

मार्क गेले असते तर मी सोसलं असतं. फळा नको होता. शाळेत एकदा मला कविता म्हणायला पुढे उभं केलं होतं. पाठ होती, पण आवाजच फुटला नाही आणि बाईंनी शेवटी खांद्याला धरून मला जागेवर नेऊन बसवलं. तेव्हापासून फळ्याकडे पाठ करून उभं राहायची वेळ मी टाळत आलेय.

शनिवारी लॅबमध्ये खेळ चालला नाही. ती म्हणाली, "उद्या घरी ये माझ्या. सकाळच्या गाडीनं." नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून मी मान हलवली.

रविवारी ईटला उतरून तिने सांगितलेलं शाळेमागचं निळं दार शोधलं. दार सताड उघडं होतं, आत भांड्यांचा आवाज, अंगणात शेळ्या बांधलेल्या. चौकटीला बेल कुठे दिसेना. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. कुणीतरी बाहेर येईल, आपल्याला बघेल, आत बोलवेल, असं वाटत होतं. एका शेळीने माझी ओढणी तोंडात घेतली तरी मी उभीच.

शेवटी तिची आई घमेलं घेऊन बाहेर आली. "अगं माय! कवापासून उभी हायस गं?"

"आत्ताच आले, काकू."

"आत्ताच म्हणं! शेळीनं निम्मी ओढणी खाल्ली. आवाज न्हाय का द्यायचा?"

आतून तिचा आवाज आला, "ती न्हाय देत, आई. हजेरीला पण नुसता हात वर करती."

माझे कान तापले. पण काकू हसत होत्या, त्यामुळे मलाही थोडं हसू आलं.

ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही दोन्ही लॅपटॉप समोरासमोर ठेवले आणि तिच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडले. तिने सर्व्हर चालू केला, मी क्लायंट. तिच्या पडद्यावर 'जोडणी झाली' असं आलं. मग काहीच नाही. चूक दाखवणारी लाल ओळसुद्धा नाही.

"माझा तपासलाय मी. झकास चालतोय," ती म्हणाली. "तुझ्याकडंच कायतरी हाय."

"माझाही चालतो."

"मग काय शेळीनं खाल्ला व्हय?"

आम्ही हॉटस्पॉटचा फोन बदलला. सतरंजी उचलून लिंबाखाली गेलो. पुन्हा जोडणी झाली आणि पुन्हा तेच. आतून काकू ओरडल्या, "झाला का गं खेळ? नसंल तर मी धरते मनात आकडा, मला इचारा!"

ती चिडली होती. मला दुसऱ्या दिवशीचा फळा दिसत होता.

तेवढ्यात शेजारची एक बाई वाटी घेऊन आली. अंगणात पाय टाकण्याआधीच तिने हाक दिली, "हाय का गं घरात?" काकूंनी चुलीपासून न हलता, मागे वळूनही न बघता म्हटलं, "ये की." बाई आत गेली.

मी माझा प्रोग्राम मध्येच तोडला. कुठल्या ओळीवर थांबला होता ते पडद्यावर आलं. "तुझाही तोड," मी म्हणाले. तिचाही त्याच आज्ञेवर थांबलेला: समोरून निरोप येईपर्यंत ऐकत राहा.

"कुणी जोडलं गेलं की तुझा सर्व्हर काय करतो?"

"वाट बघतो. आलेल्यानं बोलायला नगं?"

"आमच्याकडे घरचे आधी बोलतात. बेल वाजली की आई दार उघडते, या, बसा म्हणते. मग पाणी. माझा क्लायंट त्या 'या, बसा'ची वाट बघतोय."

"म्हंजे तुझा पाव्हणा दारात मुका उभा, अन् माझं घर आत कान लावून बसलंय?" असं म्हणून ती एवढी हसली की शेळ्या वळून बघायला लागल्या. आपापलं तपासताना आम्ही दोघींनी समोरच्या कॉम्प्युटरच्या जागी स्वतःच लिहिलेला खोटा प्रोग्राम घेतला होता. त्याला रीतही आपापल्या घरचीच लावली होती.

"मी बदलते माझं," ती म्हणाली.

"नको, मी बदलते." मी क्लायंटमध्ये एक ओळ घातली. जोडणी झाली की आधी त्यानेच म्हणायचं: मी आलेय.

लगेच तिच्याकडून उत्तर आलं: ये की, आकडा सांग.

मग काकू आतून आकडे ओरडायला लागल्या. "सत्तावीस!" अजून मोठा. "तेवीस!"

"अगं आई, मोठा म्हणलंय ना!"

"माझी मर्जी! तेवीसच टाक!"

सोमवारी सर माझ्या मशीनसमोर येऊन बसले, हाताची घडी घालून. सर्व्हर चालू होता, जोडणी झाली होती. मी तिच्याकडे बघितलं. दिवसभर हसणारी ती, सरांपुढे माझ्यामागे सरकली होती. ती नुसती ओढणीचं टोक पिळत होती. तीही सरांपुढे घाबरते हे मला ठाऊकच नव्हतं. सर आमच्याकडे बघत होते, आम्ही सरांकडे.

"सर," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "एक ते शंभरमधला एक आकडा टाका. आमच्या मशीनने एक मनात धरलाय."

सरांनी घडी सोडली, आकडा टाकला. अजून लहान. त्यांनी पुन्हा टाकला, मग खुर्ची जरा पुढे ओढली.

माझ्या कानाशी ती पुटपुटली, "आवाज हाय की गं तुला."