वांबा राजा मेला नव्हता

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही – तिला वाटायचं, मी विद्यार्थ्यांचा लाडका.

वीस वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. त्या दिवशी वर्गात वांबा चालला होता – सातव्या शतकात टोलेडोहून स्पेनवर राज्य करणारा, व्हिसिगॉथ टोळ्यांचा राजा. म्हातारा माणूस, गादी नको म्हणत होता. सरदारांनी तलवारीच्या धाकाने बसवला. त्याने बंड मोडलं, राज्य सावरलं. "आणि शेवटी विष घालून मारला," मी म्हणालो.

सुवर्णा उभी राहिली. वारज्याच्या शेतकरी घरातली, एरवी गप्प.

"सर, मारला नाय त्याला. लायब्ररीत वाचलंय मी. औषध पाजून बेशुद्ध केला आणि मुंडन करून साधूचे कपडे घातले. साधूला राज्य करता येत नव्हतं. पुढं मठात कितीतरी वर्षं जगला तो."

मी काय म्हणालो, सांगू?

"अस्सं? वारज्याहून टोलेडोला थेट बस सुरू झाली वाटतं!"

वर्ग खदाखदा हसला. ती खाली बसली.

तेवढ्यावर थांबलो असतो तर – पण नाही. संध्याकाळी बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात मी उभ्या उभ्या वांबावरचं पान वाचलं. तिचं बरोबर होतं. शब्द न् शब्द. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला दोन वाक्यं पुरली असती. सांगितली नाहीत. परीक्षेत तिने पुन्हा तेच लिहिलं आणि मी – माहीत असून – लाल फुली मारली. तेवढ्यावरून तिचं इतिहासाचं बक्षीस हुकलं. कशाला भ्यायलो होतो मी? एका एकोणीस वर्षांच्या मुलीला?

गेल्या महिन्यात तिच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं – वांबावरच्याच. सभागृह खच्चून भरलेलं, लोक जिन्यात उभे. तासभर बोलली. काय बोलली! त्या राजाची आठ वर्षं तिने डोळ्यांसमोर उभी केली. मग विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी उठलो. प्रश्न नव्हताच. माइक घेतला आणि सगळं सांगितलं – काय बोललो, काय वाचलं, काय केलं.

तिने चष्मा वर सरकवला.

"नोंद घेतली, सर. पुढचा प्रश्न?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की थांबेचना. तिने मला माफ केलं का? मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी उभाच होतो – आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवत होतो.