मामाने मोजलेली पावलं
मामाचे डोळे गेले त्यात माझा दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्याची नोकरी गेली ती मात्र माझ्यामुळे, आणि हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

वाकड्या पावलांसाठी बूट करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मामा फर्मे करायचा. फर्मा म्हणजे पावलाची हुबेहूब नक्कल. तिच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. आधी तो लाकूड तासायचा. मग कॉम्प्युटर आला. टेपने पाऊल तीस ठिकाणी मोजायचं, आकडे भरायचे, की शेजारचं यंत्र फर्मा कोरून देई. जुने लाकडी फर्मे जागा अडवतात म्हणून जळणात गेले. त्यानंतर दोन दिवस मामा कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी यंत्राच्या प्रेमात पडला.

त्याची एक रीत होती. नवा बूट घातला की गिऱ्हाइकाने कारखान्याच्या बोळातून दहा पावलं चालायचं. मामा बघायचा नाही. भिंतीकडे तोंड करून नुसता ऐकायचा. "टाच घासतेय. काढ." मग दुरुस्ती, मग पुन्हा चाल. लोक रडकुंडीला यायचे. मीही यायचे. माझं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे. मामाच्या बुटाशिवाय मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाववत नाही.

मी कॉम्प्युटर शिकले आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुक्त प्रणालीच्या नादी लागले. फुकट, कोणाच्या बापाची नाही, आतलं सगळं उघडं, हवं तसं बदला! भेटेल त्याचं डोकं खायचे. कारखान्यातली जुनी प्रणाली बंद पडायला आली आणि नवी घ्यायची तर कॉम्प्युटरही नवेच घ्यावे लागणार होते, तेव्हा मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मामाच्या फायली मी आधी दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. इकडे आठशे बारा, तिकडे आठशे बारा. मग चारही कॉम्प्युटर साफ पुसले आणि नवी प्रणाली घातली.

मामाने विचारलं, "चालवून बघितलंस का गं?"

"मामा, फायली आहेत त्या, बूट नाहीत. एकूण एक मोजल्यात."

"बरं बाई. तू शिकलेली."

सोमवारी त्याने पहिली फाइल उघडली. पडद्यावर नुसते चौकोन. त्या फायली फक्त जुन्या प्रोग्रॅमला वाचता यायच्या. तो प्रोग्रॅम चालायला त्याच्या कंपनीने दिलेली किल्ली लागायची, ती किल्ली मी पुसलेल्या कॉम्प्युटरमध्येच होती, आणि कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद पडलेली. मी महिनाभर धडपडले. मुक्त प्रणालीवाली कुठकुठली अनोळखी माणसं माझ्यासाठी डोकेफोड करत बसली. एकही फाइल उघडली नाही. लोकांच्या पायांच्या मापांना कुलूप घालणाऱ्या त्या कंपनीचा मला राग येतो. माझा त्याहून जास्त येतो.

"मोजू पुन्हा," मामा म्हणाला. "पाय काही पळून नाही गेले."

पहिले आले एक निवृत्त पोस्टमन. नव्या बुटाने त्यांची टाच सोलून रक्त आलं. दुसऱ्या बाईंची बोटं चेंगरली. तिसऱ्या मापाला मॅनेजरबाई शेजारी उभ्या राहिल्या, तर मामाने टेप नाकाला टेकवलेला, आणि आठाला सहा म्हणत होता. काचबिंदू. चार वर्षं त्याने मामीलाही पत्ता लागू दिला नव्हता. जुन्या फाइलीत एखादा आकडा इकडेतिकडे केला की काम भागायचं, म्हणून सगळं झाकलेलं राहिलं. मॅनेजरबाई रडल्या, पण त्यांनी मामाला घरी बसवलं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मामाला दारातला उजेड तेवढा कळतो. गेल्या आठवड्यात माझ्या बुटाचा तळ फाटला. कारखान्यात नवा माणूस आलाय, त्याच्याकडे माप द्यायला माझा नंबर आठ महिन्यांनी लागणार. मी मामाकडे नुसती जाऊन बसले.

"थांबतेस कशाला?" तो म्हणाला. "तुझे आकडे मला तोंडपाठ आहेत. लिही. ते घेऊन जा, तो माणूस फर्मा काढून देईल."

मी लॅपटॉप उघडला. कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी साधी फाइल घेतली.

"टाच ते अंगठा, एकोणीस."

माझा हात थांबला. माझं पाऊल तेवीस सेंटिमीटरचं आहे. एकोणीसचं होतं तेव्हा मी दहा वर्षांची होते.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

तो न अडखळता सांगत गेला. घोटा, चवडा, करंगळीजवळचा उंचवटा. तीसच्या तीस. मी एकही गाळला नाही.

"झालं, मामा."

"मग उघडून वाचून दाखव. तुझा भरवसा नाही."

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली आणि सगळे आकडे मोठ्याने वाचले. मामा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"बरोबर," तो म्हणाला. "आता बघ कसा बसतो तुला."