बादलीला भोक

कॉलेजात टाकाऊ प्लास्टिकच्या कुंड्या करायचं ठरलं, तेव्हा खरी पंचाईत टाकाऊ प्लास्टिक शोधण्याचीच झाली. सत्तरच्या त्या दशकात आमच्या वाशीमकडे प्लास्टिक फेकतं कोण? बादली चिरली की उलथणं तापवून तिला डाग द्यायचे, मग्ग्याचा कान तुटला की त्याची रवानगी पिठाच्या डब्यात. गावभर हिंडून आम्हाला तेलाचे फुटके प्लास्टिकचे डबे आणि बिनचाकांची एक खेळण्यातली मोटार मिळाली. कोणीतरी त्या मोटारीतही कोथिंबीर पेरली. मातीची कुंडी पाणी पिते, प्लास्टिक पीत नाही. मग त्यात झाड जगतं का? आम्हाला छळत होतं ते एवढंच. वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, लावा आणि बघा, मी काही सांगणार नाही.

मी वसतिगृहातली माझी हिरवी बादली दिली. मी कामरगाव सोडून शिकायला आलो तेव्हा आईने ती घेऊन दिली होती. आता ती काठाला चिरली होती. हे कळल्यावर आईने निरोप धाडला की फेकू नको, घरी मीठ ठेवायला होईल, आले की घेऊन जाईन. तोवर झाड लावलं म्हणून बादली थोडीच झिजणार? मी तिच्यात सदाफुली लावली.

भोक मात्र कोणीच पाडलं नाही. पाण्याची टंचाई, आणि ते खालून वाहून जाऊ द्यायचं? पानं पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं, तर ती आणखी पिवळी झाली. शेवटी मला राहवेना, मी रोप उपटलंच. मुळं काळी पडलेली आणि वास असा की नाक धरावं.

भोक पाडायला हवं होतं. पण भोकाच्या बादलीत आई मीठ काय ठेवणार? मी चिडचिड करत फिरलो, सदाफुलीवर चिडलो, मिठावरसुद्धा. पण भोक पाडलं तर दुसरं रोप जगेल का, हे कळल्याशिवाय चैन पडेना. खिळा स्टोव्हवर लाल केला आणि पाडलं.

रोप जगलं, फुललंही. मग शेलूबाजारला गाडी बदलून आई आली. व्हरांड्यात विटांवर ठेवलेली बादली तिला दिसली. उकिडवी बसली, खालून भोकात बोट घालून पाहिलं. माझ्याकडून तांब्या मागून घेतला, पाणी वरून ओतलं आणि वाकून बघत राहिली. खाली थेंब पडेपर्यंत हलली नाही.

मिठाचं काय, मी विचारलं.

"मीठ गाडग्यात राह्यते," ती म्हणाली आणि रिकाम्या हाताने परत गेली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला तिने पिशवीतून प्लास्टिकचा लाल मग्गा काढला. मी उलटसुलट करून पाहिला, त्याला कुठे चीर नव्हती.

"हा कुठं फुटला आहे?"

"नाई फुटला. भोक पाडून दे. मले घरी लावाचं आहे."