काचेवरचे हात

माझी आत्या पुढारी झाली ती बोलण्यामुळे नाही. बोलायला उभी राहिली की तिचं पहिलं वाक्य घशातच अडकायचं. ती पुढारी झाली ऐकण्यामुळे. रुग्णालयाच्या धुलाई विभागात यंत्रांचा इतका घरघराट असतो की तिथे सगळ्याच जणी ओरडतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. आत्या सरळ यंत्र बंद करून ऐकायची. मुकादम धावत आला की त्याला म्हणायची, "हिचं बोलणं होऊ दे, मग लावते." एवढ्या भांडवलावर बायकांनी तिला निवडून दिलं आणि पुढे दर वेळी तिलाच निवडत राहिल्या.

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, याची गंमत वाटायची. बाबा वॉर्डाच्या निवडणुकीला नेमाने उभे राहायचे आणि नेमाने पडायचे, त्यामुळे राजकारणातलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. "तू सज्जन बाई आहेस," ते तिला म्हणायचे, "पुढारी नाहीस. पुढाऱ्याला देवाणघेवाण जमली पाहिजे."

"जमते की," आत्या म्हणायची. "फक्त एकीचा बळी देऊन बाकीच्यांचं भलं करून घ्यायचं नाही, एवढंच."

हे तिचं ठरलेलं वाक्य. घरात शेवटच्या केळ्यावरून भांडण झालं की आम्ही भावंडं तिला तेच ऐकवायचो आणि केळ्याचे तुकडे करायला लावायचो. ती हसायची, पण वाक्य तिने थट्टेत घेतलं नव्हतं. धुलाई विभागात तर सगळं त्यावरच चालायचं.

विभागाचे दोन भाग होते, मधे भिंत. एका भागात वॉर्डांतले मळके कपडे उतरायचे. रक्ताच्या चादरी, पू लागलेली फडकी आणि ज्यांची नावं जेवताना घेऊ नयेत अशा आणखी वस्तू. त्या निवडून यंत्रांत भरायच्या. यंत्रं भिंतीतच बसवलेली, एक तोंड इकडे, एक तिकडे, म्हणजे मळकं इकडून आत जाई आणि धुतलेलं पलीकडे निघे. पलीकडे वाळवणं, इस्त्री, घड्या. बायका त्यांना मळकी बाजू आणि धुतली बाजू म्हणायच्या. मळक्या बाजूच्या बाईने धुतल्या बाजूला यायचं तर आधी अंघोळ, मग कपडे बदलणं. नियम कडक होता आणि योग्यही होता. भिंतीत एक मोठी काच होती. तिच्यातून सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

सभा घड्यांच्या टेबलाशी, धुतल्या बाजूला व्हायची. मळक्या बाजूची एक बाई अंघोळ करून यायची, ऐकायची, तिकडच्यांच्या वतीने भांडायची आणि परत जाऊन त्यांना सगळं सांगायची. मग आत्या काचेपाशी जाऊन उभी राहायची. ठराव ज्यांना मान्य असेल त्या पलीकडून काचेवर तळवा टेकायच्या, नसेल त्या हात खाली ठेवायच्या. आत्या तळवे मोजायची. असं कुठल्या नियमात नव्हतं, पण बायकांना त्याचा अभिमान होता.

ती येऊन भांडणारी बाई म्हणजे वकीलबाई. शाळेशी तिचं फारसं पटलं नव्हतं, पण प्रश्न असे विचारायची की समोरच्याला घाम फुटावा. ओले केस, खांद्यावर टॉवेल अशा थाटात ती सभेत शिरायची आणि म्हणायची, "हं, सांगा, आज आम्हाला कशात गुंडाळताय?" आत्याचं नाव निवडणुकीला पहिल्यांदा तिनेच सुचवलं होतं. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं.

मळक्या कपड्यांतून सुया येत. वॉर्डातल्या घाईत कोणीतरी वापरलेली सुई चादरीत सोडून देई आणि ती निवडणारीच्या बोटात घुसे. बायका बोट नळाखाली धरायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. आत्याने बजावलं होतं, सुई लपवायची नाही, डब्यात जमवायची, एक दिवस सगळ्यांसमोर ठेवू. वकीलबाईने ते अक्षरशः मनावर घेतलं. रुग्णालयाची पाहणी करायला बाहेरची मोठी माणसं आली आणि रुग्णालयाचे व्यवस्थापक, आमचे साहेब, त्यांना इस्त्रीची नवी यंत्रं दाखवत होते, तेव्हा ती अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आली आणि पांढऱ्याशुभ्र चादरींच्या गठ्ठ्यावर तिने डबा उपडा केला. "आलाच आहात तर ह्याही बघून घ्या," म्हणाली. पाहुण्यांतले एक गृहस्थ घाबरून मागे सरकले ते थेट तापलेल्या यंत्राला टेकले. त्यांना नंतरचा चहा उभ्यानेच घ्यावा लागला, आणि बायका आठवडाभर हसत होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, त्या प्रकारानंतर वरून दट्ट्या आलाय, त्यामुळे इतकी वर्षं अडलेलं काम आता होईल. सगळ्या बायका कंत्राटातून निघून कायम होतील. बाळंतपणाची रजा, आजारपणाची रजा, जाड हातमोजे, सगळं मिळेल.

"पण वरच्यांची नाचक्की झाली आहे," साहेब म्हणाले. "ती बाई राहिली तर फाइल हलणार नाही."

"ती बोलली ते खोटं होतं का?"

"मी कुठे खोटं म्हणतोय, बाई? खरं होतं म्हणून तर तुम्ही सगळ्या कायम होताय."

आत्या घरी आली ती चेहरा पाडून. बाबांना मात्र चेव चढला. "एका पारड्यात इतक्या जणींची बाळंतपणं, दुखणी, म्हातारपणं," ते म्हणाले. "दुसऱ्यात एकटी. तुला बायका सांभाळायच्यात की तुझं ते वाक्य?" मला बाबांचा भयंकर राग आला. त्यांचं चुकतंय कुठे ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

सकाळी निघताना आत्या मला म्हणाली, "वकीलबाईला समोर बसवूनच बायकांना विचारणार. लपूनछपून काही नाही." ते तिच्या मनात होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण कामावर गेल्यावर तिला दिसायला लागलं की ओल्या केसांची वकीलबाई समोर उभी असली, तर एकीचाही हात वर जाणार नाही. मग तिने सभा अशा वेळी लावली जेव्हा शस्त्रक्रियागृहाचे कपडे उतरत होते आणि मळक्या बाजूच्या कोणालाच हलता येत नव्हतं. तिकडून तिने कोणाला बोलावलं नाही.

धुतल्या बाजूच्या बायकांना तिने सगळं खरं सांगितलं. एरवी घडीच्या मापावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका, पण आज टेबलावरच्या चादरींच्या कडा जुळवत राहिल्या. शेवटी दिवस भरत आलेल्या एकीने हात वर केला, स्वतःच्या पोटाकडे बघत. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

काचेपलीकडच्यांना एवढंच ठाऊक होतं की कायम करण्याची बोलणी चालू आहेत. त्यांना वर गेलेले हात दिसले आणि वाटलं, झालं काम. आत्या वळली तेव्हा काच तळव्यांनी भरून गेली होती. मधोमध वकीलबाईचा तळवा, बोटं पसरलेली. ती हसत होती. तिची जोडीदारीण, जिला शिडी म्हणायचे कारण वरच्या फळीवरचं तिला टाचा न उचलता काढता येई, तिच्या गळ्यात पडली होती.

आत्याने नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी पलीकडच्यांना कळलं असतं. पण ती काचेकडे बघून हसली. मग साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "सर्वानुमते."

वकीलबाईला सांगायला मात्र ती स्वतः गेली. अंघोळीच्या खोलीबाहेर बाकावर वकीलबाई केस पुसत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखी सरबत्ती केली नाही, एकच प्रश्न विचारला.

"काचेवर माझा हात होता. तोही मोजलास?"

"मोजला."

"बरं," वकीलबाई म्हणाली. तिने टॉवेल पिळला, कपाट रिकामं केलं. आत्या पिशवी उचलायला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे. जड नाही."

खोटं कशाला बोलू, सगळ्यांचं भलं झालं. दिवस भरलेलीला पगारी रजा मिळाली, एका दमेकरी बाईला घरी बसून औषध घेता आलं. ज्या दिवशी सगळ्या कायम झाल्या त्या दिवशी बाबांनी जेवताना आत्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता झालीस पुढारी." आत्या अर्ध्या ताटावरून उठली. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले तर नळ सोडून नुसती उभी होती. "दादाला सांग, मला असं म्हणू नको म्हणून," म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तिची लाज वाटत होती, आणि तिने ते ओळखलं होतं. घरात तिचं ते वाक्य पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढच्या निवडणुकीत बायकांनी तिलाच निवडलं. एकमताने, अगदी मळक्या बाजूनेसुद्धा. कोणी टोमणा मारला नाही, कोणी तोंड फिरवलं नाही. मात्र तक्रारी थांबल्या. आत्या पूर्वीसारखी यंत्र बंद करायची, विचारायची, आणि बायका म्हणायच्या, "सगळं छान आहे, ताई." यंत्र परत लावून ती कामाला लागायची.

एका दुपारी शिडी डाव्या हाताने जेवताना दिसली. उजव्या अंगठ्याला चिंधी.

"काय झालं गं?"

"भाजी चिरताना लागलं, ताई."

आत्याने चिंधी सोडली. चिरल्याची खूण नव्हती, एक बारीक टिंब होतं आणि भोवती सूज. जाड हातमोज्यातूनही सुई आत गेली होती.

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

शिडी गरीब स्वभावाची. राग धरणं तिला जमतच नाही. समजूत घातल्यासारखी म्हणाली, "कशाला उगीच, ताई. मी बोलले असते तर तुम्हाला परत एकीचं काय ते ठरवावं लागलं असतं. मागच्या वेळी केवढा त्रास झाला तुम्हाला."

आत्याने तिचा हात धरला आणि तशीच, जेवण टाकून, तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठा बघितला आणि ते चिडले. त्याच दिवशी यायला हवं होतं, संसर्ग टाळायच्या गोळ्या लगेच सुरू केल्या तरच उपयोग, आता रक्त तपासायचं आणि वाट बघायची, दुसरं काही हातात नाही. मग त्यांनी आत्याकडे मोर्चा वळवला.

"पुढारी ना तुम्ही यांच्या? इतके दिवस तुम्हाला पत्ता कसा नाही?"

शिडीलाच वाईट वाटलं. "त्यांना काही बोलू नका, डॉक्टर," ती घाईघाईने म्हणाली. "फार चांगल्या आहेत त्या. त्यांच्यामुळे तर आम्ही सगळ्या कायम झालो."

आत्याला तिथून उठून जावंसं वाटलं. पण शिडीचा हात तिच्या हातात होता आणि रक्त काढायला परिचारिका आली होती, म्हणून ती बसून राहिली.